पोतन नगरीचा कुंभारशिक्का

गोदेच्या काठी पोतन नगरीत सुषेण राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोमक. केस पिकेपर्यंत तो साऱ्या कुंभारश्रेणीचा, म्हणजे कुंभारांच्या संघाचा, ज्येष्ठ झाला होता, आणि राजाने दिलेला शिक्का त्याच्या कमरेला लटकत असे. तो शिक्का नसलेले मडके नगरीत विकायला बंदी होती.

शिक्का त्यानेच मागून घेतला होता. एका उन्हाळ्यात कुणा लबाडाने कच्ची मडकी खपवली, घरोघरी पाणी गळून गेले, आणि सोमक कळवळून राजाकडे धावला. हेतू चांगलाच होता. पण पुढे शिक्क्यासाठी श्रेणीतल्याच घरी दहा वर्षे उमेदवारी हवी असे ठरले, मग श्रेणीतल्यांची मुले तेवढी आपोआप पात्र ठरू लागली. हे सगळे इतके सावकाश झाले की सोमकाला ते कधी खटकलेच नाही.

त्याला खटकायची ती बाजारातली शांतता. त्याच्या लहानपणी बाजार नदीच्या वाळूत भरे. कोणीही यावे, फडके अंथरावे आणि बसावे. गिऱ्हाईक मडके उचली, कानाशी धरी आणि बोटाने वाजवून बघी. सासवा नव्या सुनांना आधी हेच शिकवीत, आणि सकाळभर वाळवंटात टणटण चाले. आता बायका शिक्का बघत, मडके कमरेवर घेत आणि चालू लागत.

एके दिवशी केसिनी नावाच्या विधवेला शिपायांनी बाजारात धरले. नवऱ्यामागे तिनेच चाक चालवायला घेतले होते. दोन लेकींच्या पोटाचा प्रश्न होता, म्हणून उन्हाळ्याची सगळी मडकी भाजून तिने एकदमच आणली होती. शिक्का एकावरही नव्हता. अशी मडकी ज्येष्ठाने स्वतःच्या हाताने फोडायची, असा नियम होता. सोमकाने काठी उचलली.

"फोडा, काका," केसिनी म्हणाली. "पण फोडायच्या आधी एकदा वाजवून तरी बघा."

सोमकाने वाजवले. आवाज खणखणीत आला. दुसरे वाजवले, तिसरे वाजवले, आणि त्याला हात आवरेना. शेजारच्या दुकानातले शिक्क्याचे मडके त्याने सहज कानाशी धरले. ते बद्द वाजले. त्या ओळीतली सगळीच तशी निघाली. दुकान त्याच्या मुलाचे, मल्लकाचे होते.

मल्लक कुजबुजला, "बाबा, लोक बघताहेत. काठी चालवा आणि मोकळे व्हा."

सोमकाने काठी टाकून दिली. एक तिचे, एक मुलाचे अशी दोन मडकी काखेत मारून तो थेट राजवाड्यावर गेला.

राजाने सारे ऐकले, शिक्काच काढून टाकावा ही सोमकाची विनंतीही ऐकली, आणि दोन्ही मडकी वाजवून पाहिली. "पण शिक्का काढला तर लबाड मोकाट सुटतील. प्रजेला कोण सांभाळणार?"

"ज्याचे मडके गळेल त्याला दंड करा, महाराज. केसिनीचे गळलेले नाही, तरी आम्ही तिला शिक्षा करायला निघालो. आणि प्रजेला कान आहेत. ते वापरायची तिची सवय मीच मोडली."

"हे बद्द मडके कोणाचे?"

सांगितले तर मुलाची अब्रू जाणार, न सांगितले तर केसिनीची मडकी फुटणार. "माझ्या मुलाचे," सोमक म्हणाला. "शिक्का मीच मारला. न वाजवता."

राजाने शिक्का परत घेतला आणि बंदी उठवली.

पुढच्या बाजारात केसिनीचा माल दुपारच्या आत संपला. मल्लकाची मडकी लोकांनी दिवसभर वाजवली आणि खाली ठेवली.

"बाबा, तुम्ही माझा धंदा बुडवलात," मल्लक म्हणाला.

"तो मी केव्हाच बुडवला, बाळा. तुला कोणी नाकारूच नये अशी सोय करून दिली ना." सोमकाचे डोळे भरून आले. "उद्यापासून केसिनीकडे जा. ती माती तुडवायला लावील. लाज वाटेल, तरी जा."

मल्लक गेला.

पूर्वजन्मीची एवढी कथा सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा उपासक भद्रक. केसिनी म्हणजे भिक्षुणी सोणुत्तरा. सोमक मीच होतो. आणि मल्लक म्हणजे हा समोर बसलेला कौंडल. याच्या परवानगीवाचून कोणी धर्म सांगू नये असा नियम करा, म्हणून तो आज सकाळीच माझ्याकडे आला होता."

कौंडलाने मान खाली घातली. स्वतःच्याच घराविरुद्ध खरे बोलून बोधिसत्त्वाने त्या जन्मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, जोपासली.