बटाट्याने मागितलेला शेजारी

झाडं माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. भागू माळणीच्या वाफ्यात बटाट्याशेजारी घेवडा वाढत होता. "हा परका मला नको. माझा भाऊ टोमॅटो इथे लाव," बटाट्याने हट्ट धरला.

"अरे, एका घरच्यांना रोगही एकच लागतो," भागू म्हणाली. पण शेवटी कंटाळून तिने घेवडा उपटला.

दोघे भाऊ पानाला पान लावून वाढले. मग आठवडाभर ढगाळ, दमट हवा राहिली आणि टोमॅटोवर पानं जाळणारा करपा रोग आला.

"दादा, मला शिवू नकोस रे!" टोमॅटो रडत म्हणाला.

पण मातीत रुजलेला बटाटा सरकणार कुठे? त्याचीही पानं काळी पडून गळू लागली.

मातीखालून त्याच्या लेकरांनी विचारलं, "बाबा, वरून हे काय ठिबकतंय?"

बटाट्याने पाहिलं, त्याच्याच काळ्या पानांवरून करपा दवाबरोबर खाली लेकरांकडे झिरपत होता.