सांबराचा परवाना

त्या राज्यात सांबरं पुष्कळ होती, पण ती मारायचे परवाने सालाला पाचच निघत. ज्याला हवा त्यानं अर्ज करायचा आणि चिठ्ठी निघायची वाट बघायची. ज्याची चिठ्ठी निघत नसे, त्याच्या नावानं कचेरीत एक खडा टाकत. नऊ खडे झाले की परवाना नक्की. अट एवढीच, तोवर घरातल्या कुणीच कसली शिकार करायची नाही. एक ससा मारला तरी सगळे खडे फेकून देत.

भुंड्या लांडगा मोठा कायद्याचा. अर्ज केला त्या दिवसापासून गवत खायला लागला. आधी ओकला, मग सवय झाली. त्या साली वाघाच्या जावयाची चिठ्ठी निघाली. पुढच्या सालीही त्याचीच. नशीब असतं एकेकाचं, दुसरं काय.

"मी लांडग्याशी लग्न केलं होतं," बायको ठकी म्हणायची. "हे बोकड कुठून आलं घरात?"

"गप गं. पाच खडे झालेत."

आठ खडे झाले आणि ठकीनं हातपाय टाकले. गवत तिच्या पोटात ठरेना. "एक घास मांसाचा मिळाला तर उठेन हो मी," ती म्हणाली. गुहेच्या तोंडाशी ससे उड्या मारत होते. भुंड्यानं डोळे मिटून घेतले. आता एका खड्याचाच तर प्रश्न होता.

ठकीनं कसंबसं साल काढलं. साळिंदर कारकुनानं पाठीतला काटा उपसून परवान्यावर सही केली.

"नशीबवान आहेस, भुंड्या. आजच्या दिवसापुरताच आहे हं, सांभाळ."

भुंड्या धापा टाकत माळावर गेला. कळप चरत होता. वारा त्याच्या पाठीमागून कळपाकडं वाहत होता. लांडग्यानं असं कधी जाऊ नये, पण तेवढं तो विसरला होता. एकदोघांनी माना वर करून वास घेतला आणि परत खाली घातल्या. कुणी पळालं नाही.

तो अगदी जवळ गेला आणि गुरगुरायला तोंड उघडलं. एका म्हाताऱ्या सांबरमादीनं त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या झिजून हिरव्या पडलेल्या दातांकडं पाहिलं, आणि ती एक पाऊल बाजूला सरकली.

"ये बाबा," ती म्हणाली. "इथलं कोवळं आहे."