रिकामं घर

"...मग दोष घरात आहे की माझ्यात, अण्णा?"

मिरजेत घरांची दलाली करणाऱ्या सुहास बेडगेला हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता. एरवी त्याचा तोरा असा, की पडकं खोपटंसुद्धा आठवड्यात खपवून दाखवीन. आणि स्वतःच्या आईवडिलांच्या दोन खोल्या काही खपेनात! सात गिऱ्हाइकं आली आणि गोड बोलून गेली. बहिणीला त्यानं दिवाळीचा शब्द दिलेला. तिचं स्वतःचं घर त्यावर अडून बसलं होतं.

अण्णा मंगसुळ्यांनी चष्मा पुसला. सुहासला धंदा त्यांनीच शिकवला होता. काय दिवस होते ते! सायकलच्या हँडलला किल्ल्यांचा जुडगा, आणि अण्णांचा एकच नियम. दार उघडायचं, बाजूला व्हायचं, चपला पायातच ठेवायच्या. आत जायचं ते गिऱ्हाइकानं, एकट्यानं.

"घर रिकामं आहे ना?"

"साफ रिकामं. चमचासुद्धा ठेवला नाही."

"चल, दाखव. मी आठवं गिऱ्हाईक."

सुहासनं कुलूप काढलं, चपला दाराशी डावीकडं सोडल्या आणि अण्णांच्या आधी आत शिरला.

"ही पाळण्याची कडी. बहीण झाली तेव्हा दादांनी बसवलेली... इथं आई भाकऱ्या करायची. पहिली कायम माझी, कड जराशी करपलेली... या खिडकीत दादांचा दाढीचा आरसा. पाणी सांडलं की आई अशी ओरडायची..."

या घराची त्याला फार आठवण येत होती, आणि तो त्याच घरात उभा होता.

त्यानं मागं वळून पाहिलं.

"आत या की, अण्णा."

अण्णा दाराबाहेरच होते. ते गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि त्यांनी सुहासच्या चपला उचलल्या.

"अहो अण्णा! हे काय करताय?"

सुहास धावला. गुरूच्या हातात आपल्या चपला बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णांनी त्या उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या.

"घाल पायात आणि ये बाहेर," ते म्हणाले. "मला रिकामं घर बघायचंय."