सरदाराच्या तंबूची सावली

यातला एक शब्द तरी खरा मानायची हिंमत असंल तर बस, नाहीतर ऊठ.

महाराज शिकारीला आले आणि माळावर तळ पडला. रंभाजी सरदाराला जागा पसंत पडली ती नेमकी गिरजाबाईच्या खळ्याला खेटून. सकाळी तंबू उभा राहिला, तशी त्याची सावली खळ्यावर पडली.

"म्हातारे, माझ्या तंबूची सावली पडंल तिथवर जागा माझी," सरदार मिशीला पीळ देत म्हणाला. "हा तळाचा कायदा. ज्वारीसकट खळं आता माझ्या घोड्यांचं."

वर्षाचं खाणं जायची वेळ, तरी गिरजाबाई भांडली नाही. "बरं सरकार, कायदा तो कायदा," म्हणाली आणि पान चघळत बसून राहिली.

दिवस कलला. सावली फिरली आणि दुसऱ्या अंगाला महाराजांच्या तंबूवर चढली. तशी बाई उठली आणि थेट महाराजांपुढं जाऊन उभी राहिली.

"महाराज, बिऱ्हाड आवरा. ही जागा आता सरदारांची झाली. कायदा त्यांनीच सांगितला."

महाराजांनी सावलीकडं बघितलं, मग सरदाराकडं. रंभाजीनं नोकराला हाकसुद्धा मारली नाही, स्वतःच वाकून आपल्या तंबूच्या मेखा उपटायला लागला.

दात काय काढतोस? नीघ आता, माझं डोकं खाऊ नकोस.