सोनकीची धार

वाडीखाली दोन खडकांच्या मधून ओढा पडतो, तिथं सोनकीची धार म्हणतात. पाण्यात परड्या दिसतात ना, त्यांत कडूकंद भिजतोय. पाहुण्यांनी पाणी प्यावं, पाय धुवावेत, परडीला हात लावू नये. कंद दिसतो बटाट्याचा भाऊ, पण तो नीट मारला नाही तर माणसाला मारतो.

फार मागं, लागोपाठ पाऊस हुकला, असं सांगतात. भुकेला कोंडा म्हणतात, पण ठाकरांच्या या वाडीत कोंडाही उरला नव्हता. माणसं रानावर जगू लागली. नागी म्हणून एक म्हातारी होती, तिला रानातला वेल न् वेल ठाऊक. कडूकंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, की विख उतरतं, हे वाडीला तिनंच शिकवलेलं. पण त्या साली धार करंगळीएवढी झाली होती. एवढ्याशा पाण्यानं एका रात्रीत काम व्हायचं नाही, हे नागीला दिसत होतं.

तिची सून सोनकी ओली बाळंतीण. पोटात अन्न नाही म्हणून अंगावर दूध नाही, आणि पोर रडून रडून आता गप्प पडलेलं. त्या गप्प होण्याला नागी भ्याली. वाडीची रीत अशी, की पहिला घास ओल्या बाळंतिणीचा. तिनं सकाळीच परडी उचलली.

"आत्ती, कडू लागतंय," सोनकी म्हणाली.

"कडू असू दे. गिळ. दूध उतराया हवं."

सोनकी सासूच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. ती गिळत राहिली. उन्हं कलायच्या आत गेली म्हणे.

वाडीनं कंदाचा धसकाच घेतला. परड्या पाण्यात भरलेल्या आणि माणसं काठावर उपाशी. शेजारची लेकुरवाळी सोनकीच्या पोराला छातीशी घ्यायची, पण तिलाही दूध कुठलं असणार? नागीला कुणी बोल लावला नाही, तेच तिला जास्त लागलं. तिनं परड्या आणखी एक रात्र धारेत ठेवल्या आणि सकाळी सगळ्यांदेखत खडकावर बसून कंद खाल्ला. ती जगायला खात होती की मरायला, हे तिचं तिलाच ठाऊक. लोक तिच्या तोंडाकडे बघत बसले. दुपार टळली, सांज झाली, म्हातारीला काही झालं नाही. मग माणसं परड्यांवर तुटून पडली. पुढं शेजारणीला दूध उतरलं आणि पोर वाचलं.

माणसं जेवत होती तेव्हा नागी मात्र ऊर फुटेस्तोवर रडत होती. कंद गोड लागला होता. म्हणजे ती आणखी एक रात्र थांबली असती, तर सोनकी जगली असती.

आजही मोसमातला पहिला कंद वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई खाते, आणि ती धडधाकट आहे हे बघूनच बाळंतिणीला वाढतात. कडू आहे का, एवढंच म्हातारीला विचारतात. गोड आहे का, असं कुणी विचारत नाही.