येसूच्या चुलीखालचे पेव

जमिनीखालची पेवे धान्याने भरलेली आणि चुली थंड, हे कसे? एका राज्यात सुभान नावाच्या तरुणाने हे दारोदार विचारले.

त्या राज्यात एका भुकेल्या मांत्रिकाला कोणी मूठभर जोंधळा दिला नव्हता. जाताना तो म्हणाला, "भयाने जो धान्य पुरील, त्याच्यापायी बाजारातले माप आखडेल."

त्या साली पाऊस लांबला. लोकांनी धान्य पुरले आणि बाजारातले लाकडी माप आपोआप लहान झाले. नाणे तेच, जोंधळा कमी. उद्या याहून कमी मिळेल म्हणून लोक आजच जास्त घेत, घरी नेऊन पुरत. माप करवंटीएवढे झाले.

सुभानला थोरल्या बहिणीने, विधवा येसूने वाढवले होते. आपली भाकर ती त्याला आणि आपल्या लेकीला, चंपीला द्यायची. "मी मघाच खाल्ली रे," म्हणायची. एका सकाळी ती उठलीच नाही.

चंपी भुकेने रडत होती. तिला कडेवर घेऊन, काठी उचलून सुभान मांत्रिकाला मारायला निघाला. वेशीवरची साळुंकी म्हणाली, "तो केव्हाच गेला, वेड्या. काठी टाक. शाप सोडवायचा तर तीन पेवे उघड. झाकणे अश्रूंनीच निघतात."

"अश्रू पुष्कळ आहेत. पेवे दाखव."

पहिले राजाचे. राजा गरजला, "हात लावलास तर मस्तक जाईल!"

"जाऊ द्या, महाराज. त्याला घास तरी घालावा लागणार नाही."

अश्रू पडला, शिळा सरकली. दुसरे नगरशेठचे, तेही उघडले. लोक धावले, धान्य घरी नेले आणि पुरले. माप सुपारीएवढे झाले.

"तिसरे कुठे?" सुभानने साळुंकीला विचारले.

"तुझ्या चुलीखाली."

"खोटे! घरात दाणे असते तर ती मेली असती?"

"खणून पाहा."

त्याने नखांनी खणले. झाकण लावलेले मडके निघाले. याहून वाईट दिवस येतील, या भयाने येसूने ते दोघांसाठी पुरले होते.

"अक्का, हे इथे होते गं!" तो ओरडला. झाकण निघाले.

"आता चंपीला रांधू?"

साळुंकी म्हणाली, "आधी बाजारात, सर्वांसमोर मोज."

त्या देशी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. महागाईत लोक ते विसरले होते. 'एक' म्हणत आणि माप बोटाने सपाट करत. सुभानने माप शिगोशीग भरले, समोरच्या म्हातारीच्या पदरात ओतले आणि म्हणाला, "लाभ!"

माप त्याच्या मुठीत वाढले.

"अरे, पोरीला ठेव की काही," म्हातारी म्हणाली.

"ठेवता ठेवताच आई गेली तिची, आजी."

म्हातारी घरी गेली आणि आपले मडके डोक्यावर घेऊन आली. मग शेजारी आले. नगरशेठ आला. राजाने उरलेले धान्य गाड्यांवर आणवले आणि स्वतः मापाशी बसला. सांजेपर्यंत माप पूर्वीएवढे झाले, नाण्याला पोटभर जोंधळा आला, शाप सुटला. म्हातारीने सुभानच्या उपरण्यात पहिले माप घातले.

सुभानला भाकर थापता येत नव्हती. जाड झाली, कडेला करपली. खणलेल्या चुलीपाशी बसून त्याने मधला मऊ तुकडा मोडला आणि चंपीच्या तोंडाशी धरून तो निवेपर्यंत फुंकत राहिला.