टिल्लीची शेंग आणि केरबा मिस्त्रीचं नवं मशीन

ही टिल्ली. टिल्ली म्हणजे खार. एवढीशी! शेपूट मात्र झुबकेदार.

टिल्लीला मळ्यात शेंग सापडली. भुईमुगाची शेंग. आत दोन दाणे. एक दाणा टिल्लीचा. एक दाणा तिच्या धाकट्या भावाचा, पिट्टूचा. पिट्टू ढोलीत बसला होता. "भूक! भूक! भूक!" त्याचं आपलं एकच चाललं होतं.

टिल्ली शेंग घेऊन निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. आली मळ्याच्या फाटकापाशी. फाटक लोखंडाचं. त्याची बिजागरी तुटली. कर्रर्र… धाडकन्!

टिल्लीनं उडी मारली. टिल्ली वाचली. शेंग गेली फाटकाखाली!

टिल्ली म्हणाली,
"फाटका, फाटका, ऊठ ना!
शेंग मिळेना,
पिट्टू गप्प बसेना!"

फाटक म्हणालं, "अंहं! आधी मिस्त्रीला बिजागरी जोडू दे. मग मी उठेन."

घ्या! पडलं कोण? फाटक. पळायचं कुणी? टिल्लीनं! टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

केरबा मिस्त्री लोखंडाला लोखंड जोडायचा. वेल्डिंगच्या मशीननं. चर्रर्र, तड तड! आत्ता मात्र तो चहा पीत होता. फुर्र, फुर्र.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, चला ना!
फाटक उठेना,
शेंग मिळेना,
पिट्टू गप्प बसेना!"

मिस्त्री म्हणाला, "येतो की गं! पण माझं मशीन बघ. आधी ते हलू दे. मग मी येतो."

मशीन कोपऱ्यात बसलं होतं. जुनं. गंजकं. म्हशीएवढं जड. सगळे त्याला धूड म्हणायचे. टिल्ली धुडाकडे गेली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"धूडबाबा, धूडबाबा, हला ना!
मिस्त्री येईना,
फाटक उठेना,
शेंग मिळेना,
पिट्टू गप्प बसेना!"

धूड म्हणालं, "घुर्रर्र! मला उचलायला चार पैलवान लागतात. आता माझ्याच्यानं होत नाही. आधी नवं मशीन येऊ दे. मग मी मिस्त्रीला सोडेन."

झालं! आता नवं मशीन! टिल्ली निघाली बाजारात. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

सगुणाकाकूचं दुकान होतं. खिळे, साखळ्या, कुलपं, पत्रे. वरच्या फळीवर तीन नवी मशीनं.

"मशीनांनो, मशीनांनो, या ना!
धूड हलेना,
मिस्त्री येईना,
फाटक उठेना,
शेंग मिळेना,
पिट्टू गप्प बसेना!"

मोठं मशीन म्हणालं, "मला कारखान्याची वीज लागते. मळ्यातली लुकलुक वीज? छे!"

सगळ्यात छोटं मशीन म्हणालं, "मी पातळ पत्रा जोडेन. जाडजूड फाटक? अंहं!"

मधलं मशीन म्हणालं, "मी जाड फाटक जोडेन. लुकलुक वीज मला चालेल. मी हलकं. पट्टा लावा, खांद्यावर बसून येईन!"

"मग चल की!" टिल्ली ओरडली.

"पण फळीवरून उतरू कसं? आधी सगुणाकाकूनं मला खाली काढलं पाहिजे. मग मी येईन."

टिल्लीनं कपाळाला हात लावला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"सगुणाकाकू, सगुणाकाकू, मशीन दे ना!
नवं मशीन उतरेना,
धूड हलेना,
मिस्त्री येईना,
फाटक उठेना,
शेंग मिळेना,
पिट्टू गप्प बसेना!"

सगुणाकाकू म्हणाली, "अगं, नवं मशीन असंच कसं देऊ? कुंकू नको? नारळ नको? आधी नारळ फुटू दे. मग मी मशीन देईन."

नारळ दाराशी पोत्यात होता. टुणुक… टुणुक… टिल्लीचे पाय दुखायला लागले.

"नारळा, नारळा, फूट ना!
काकू देईना,
नवं मशीन उतरेना,
धूड हलेना,
मिस्त्री येईना,
फाटक उठेना,
शेंग मिळेना,
पिट्टू गप्प बसेना!"

नारळ म्हणाला, "असा कसा फुटू? माझ्या अंगावर किती काथ्या! आधी कुणीतरी मला सोलू दे. शेंडी तेवढी ठेवायची हं! मग मी फुटेन."

आता मात्र टिल्ली वैतागली. जाम वैतागली! शेपूट फुगली. पाय आपटले. धप्, धप्!

"आधी! आधी! आधी! ज्याला बघावं त्याचं आधी! आता नारळ सोलणारा कुठून आणू? एवढे तीक्ष्ण दात आहेत कुणाला?"

टिल्ली थांबली. तिनं दातांना हात लावला.

"अगं बाई! मला आहेत की!"

करकर करकर कर! काथ्या उडाला इकडे. काथ्या उडाला तिकडे. शेंडी तेवढी ठेवली.

नारळ सोलला,
नारळ फुटला. फट्!
काकूनं कुंकू लावलं,
नवं मशीन उतरलं. टिल्लीला मिळालं खोबरं! ते तिनं गालात ठेवलं.

काकूनं मशीन स्कूटरवर ठेवलं. टिल्ली मशीनवर बसली. भुर्रर्र!

धूड म्हणालं, "हुश्श! आलंस का बाबा! जा रे मिस्त्री, जा आता."

आणि मिस्त्री? मिस्त्री मशीनकडे बघत राहिला. एका हातानं उचललं. परत खाली ठेवलं.

"एवढंसं? मशीन कसं जड पाहिजे. जड ते दणकट! हे फुसकं निघणार."

घ्या! सगळं जुळलं, आणि मिस्त्री अडला!

टिल्ली टुणकन् त्याच्या गुडघ्यावर चढली.

"मिस्त्रीकाका, मी केवढी?"

"एवढीशी."

"मी जड आहे?"

"छे गं! पिसासारखी हलकी."

"मग नारळ कुणी सोलला?"

मिस्त्री उठला. त्यानं मशीन उचललं. पट्टा खांद्याला अडकवला. निघाला की!

मळ्यात वीज लुकलुक करत होती. नवं मशीन म्हणालं, "चालेल!"

"डोळे मिटा!" मिस्त्री म्हणाला. "ठिणग्यांकडे बघायचं नाही." त्यानं तोंडापुढे काळी काच धरली. टिल्लीनं डोळे मिटले. तुम्हीपण मिटा. मिटले?

चर्रर्र! तड तड तड!

आता उघडा.

बिजागरी जुळली,
फाटक उठलं,
शेंग मिळाली!

टिल्ली पळाली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक! झाडावर. ढोलीत.

"पिट्टू, पिट्टू, ही घे शेंग!"

पिट्टूनं शेंग बघितली. उलटी करून बघितली. आणि म्हणाला,

"आधी सोलून दे. मग मी खाईन!"

काय म्हणावं आता या पोराला!

टिल्लीनं शेंग सोलली. टक्! एक दाणा पिट्टूच्या तोंडात. पिट्टू गप्प बसला.

एक दाणा टिल्लीच्या तोंडात.

"ताई, तुझा गाल का फुगलाय?" पिट्टूनं विचारलं.

टिल्ली पाठ करून बसली. आणि खोबरं तिनं एकटीनं खाल्लं. सगळं!